ओल्या पाटीचा वास

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ज्या मुलखाला आम्ही खारपाणपट्टा म्हणतो, तेथे जन्मलेल्या माणसाला चवीचे पहिले शिक्षण अन्नाकडून नव्हे, पाण्याकडून मिळते. मूर्तिजापूरच्या आसपासच्या खेड्यांत शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी दोन निराळ्या वळणांचे असे. एकीचे पिण्याजोगे, दुसरीचे केवळ सांडण्या-धुण्याचे, आणि तिसरीचे असे की तुरीची डाळ तासभर चुलीवर राहिली तरी शिजण्याचे नाव घेत नसे. माझी आजी आलेल्या घागरीतले पाणी ओंजळीत घेई, ओठांना लावी, क्षणभर तोंडात खेळवून अंगणातल्या तुळशीपलीकडे टाकी आणि ते कोणत्या विहिरीचे हे बिनचूक सांगे; पाणी भरणाऱ्या बाईने गोड्या विहिरीपर्यंतचा हेलपाटा वाचवून वाटेतल्याच विहिरीत घागर बुडवली असेल तर तेही तिच्यापासून लपत नसे.

हीच कृती पुन्हा माझ्या दृष्टीस पडली ती, आजी जाऊन अर्धशतक उलटल्यावर, ऱ्हाइन नदीच्या काठावरील माइंत्स शहरात, नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात. घागरींच्या जागी बाटल्या होत्या आणि पाण्याच्या जागी जर्मनीच्या पांढऱ्या वाइन. पांढऱ्या हे केवळ म्हणण्यापुरते. प्रत्यक्षात त्यांचे रंग सुक्या गवताच्या फिकट पिवळ्यापासून जुन्या तुपाच्या छटेपर्यंत पसरलेले असतात. परीक्षेला बसलेला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे पाटी-पेन्सिलीच्या सहवासात काढलेला मनुष्य होतो, आणि त्या संध्याकाळपर्यंत मद्याचा एक थेंबही माझ्या जिभेला लागलेला नव्हता.

यात माझी फुशारकी नाही. ज्या तालुक्यात दापुरे हे गाव आहे, त्या तालुक्यात दारूविषयी बोलताना माणूस आपोआप आवाज खाली करतो. गाडगेबाबांचे बालपण दापुऱ्यास आजोळी गेले. त्यांचे वडील झिंगराजी यांचा व्यसनापायी अकाली अंत झाला म्हणूनच ते पोर आईबरोबर आजोळी आले होते, आणि पुढे आयुष्यभर बाबांनी आपल्या कीर्तनांतून दारूवर जो आसूड ओढला त्याचे मूळ या घरगुती दुःखात होते. माझ्या वडिलांनी ती कीर्तने प्रत्यक्ष ऐकली होती. तेव्हा भाचीने फोनवर, "मामा, इकडे आले की तुमाले रिस्लिंग चाखवतो," असे म्हटले त्या वेळी मी उत्तर दिले ते एवढेच की, चाखणे आणि पिणे यांत काही भेद असला तर पाहू.

तो भेद आहे, आणि त्याला तिकडे एक भांडे नेमून दिलेले आहे. वाइनचे जाणते परीक्षक एका बैठकीत पन्नास-साठ नमुने पाहतात. ते सर्व गिळले तर दहाव्या नमुन्यानंतर परीक्षा कोणाची चालली आहे हे सांगता येणार नाही. म्हणून घोट तोंडात घोळवून चूळ टाकावी तसा तो बाहेर टाकायचा असा तेथील शास्त्राचारच आहे. भाचीने टेबलावर स्टीलचा उभा डबा ठेवला. "ही तुमची पिकदाणी," जावई म्हणाले. पानाच्या तबकाशेजारी पिकदाणी ठेवणाऱ्या वाड्यांत लहानपण गेलेल्या माणसाला या वस्तूची ओळख करून देण्याचे कारण नव्हते.

चाखण्याचे नियम फारसे गहन नाहीत. वाइन फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतू नये, कारण अतिथंड द्रवाला वास नसतो, आणि कोमटही होऊ देऊ नये. आठ-दहा अंशांवर ती बोलू लागते. पेला तिसरा हिस्साच भरावा, पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून नाक आत घालावे, मग लहान घोट घेऊन तो जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत फिरू द्यावा आणि टाकल्यावर चव किती वेळ मागे रेंगाळते ते मनात मोजावे. कोरडी आधी, गोड नंतर हा क्रम मोडू नये, कारण पेढा खाऊन चहा प्यायला की चहा अळणी लागतो. परंतु यांपैकी कशाहीपेक्षा मोठा नियम हा की एक पेला कधीही एकटा ठेवू नये. एकट्या वाइनविषयी नवख्याला "बरी आहे" किंवा "आंबट आहे" यापलीकडे काही म्हणता येत नाही. शेजारी दुसरी ठेवताच पहिलीला एकदम आकार येतो. आजीलाही एकाच विहिरीच्या गावात दिले असते तर तिच्या जिभेची कीर्ती झाली नसती.

भाचीने माझ्या हातात एक छापील सुगंधचक्र दिले. त्याच्या परिघावर पीच, गूजबेरी, एल्डरची फुले, क्विन्स अशी नावे होती. यांतले बहुतेक पदार्थ मी खाल्लेले नव्हते आणि जे खाल्लेच नाही त्याची आठवण नाकाला होणार कोठून? मी ते चक्र पालथे घातले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या भांडारातले शब्द लिहीत गेलो.

पहिल्या पेल्यात फ्रांकेन प्रांताची सिल्वानर होती. हिची बाटलीच मुळी वेगळी, पखालीसारखी पोटाची आणि बसक्या बांध्याची. तिला तिकडे बोक्सबॉयटल म्हणतात. सिल्वानरची वेल जर्मनीत कास्टेल या गावी १६५९ साली लावल्याची लेखी नोंद आहे. हिचा वास फळाचा कमी आणि पाल्याचा अधिक. मला तिच्यात हरभऱ्याचा ओला टहाळ आठवला, आणि ही आठवण निव्वळ कल्पनाविलास नव्हे. थंडीच्या पहाटे हरभऱ्याच्या शेतावर पातळ फडके पसरून जी आंब गोळा करतात, तिच्यातले एक प्रमुख आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल, आणि द्राक्षात जी दोन मुख्य आम्ले असतात त्यांपैकी एक तेच. दुसऱ्या पेल्यातील म्यूलर-थुर्गाऊविषयी मी फार लिहिणार नाही. हेरमान म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने गायझेनहाइम येथील संशोधन-संस्थेत १८८२ साली ही जात तयार केली, पुष्कळ पिकते, लवकर पिकते, आणि चवीला एखाद्या सुस्वभावी पण गुळमुळीत पाहुण्यासारखी आहे. येते, बसते, जाते. तिच्या जन्माची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. रिस्लिंग आणि सिल्वानर यांचा हा संकर असे सर्वजण शंभर वर्षे मानीत आले; पुढे वंशपरीक्षेत सिल्वानरचा दावा खारीज झाला आणि मादलेन रोयाल नावाची भलतीच जात आईबापांत निघाली. तिसरी गेव्युर्झट्रामिनर. नाव उच्चारताना दात हलतात, पण पेला नाकाशी नेताच मी लिहिले, "गुलकंद." गुलाबाच्या सुवासातली काही द्रव्ये या द्राक्षात खरोखरच असतात, म्हणून येथे नाकाने मला फसविले नव्हते.

येथवरचे सर्व मंगलाचरण. जर्मन वाइनची खरी कथा रिस्लिंगची आहे. १३ मार्च १४३५ रोजी रुसेल्सहाइमच्या किल्ल्याच्या हिशेबवहीत या नावाच्या वेलींची कलमे २२ शिलिंगांना विकत घेतल्याची नोंद सापडते. एका द्राक्षाच्या जातीचा जन्मदाखला कारकुनाच्या जमाखर्चात मिळावा हे मला फार आवडले. आज जर्मनीतील सुमारे एक लाख हेक्टर द्राक्षबागांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा या एकाच जातीचा आहे. तेथील वाइनचे तेरा इलाखे आहेत. मोझेल, ऱ्हाइनगाऊ, ऱ्हाइनहेसेन, फाल्झ, नाहे ही त्यांतली मोठ्या दबदब्याची नावे, आणि प्रत्येक ठिकाणी रिस्लिंग आपला बाणा निराळा ठेवते. ऱ्हाइनगाऊची कोरडी रिस्लिंग ताठ बसणाऱ्या मास्तरासारखी. फाल्झची अंगाने भरलेली, कारण तो मुलूख अधिक उबदार. पण मला ज्या पेल्यापाशी थांबावे लागले तो मोझेलच्या काबिनेटचा.

पहिला घोट गोड लागला. पुढच्याच क्षणी जिभेच्या कडा आकसल्या आणि तोंडाला पाणी सुटले, आणि गोडी गेली कोठे हे शोधीपर्यंत ती पुन्हा हजर झाली. मी घोट टाकला, पुन्हा घेतला, आणि मग ओळख पटली. ही आपली चिंचगुळाची आमटी! द्राक्षातले दुसरे आणि अधिक महत्त्वाचे आम्ल म्हणजे टार्टरिक आम्ल, आणि चिंचेचा आंबटपणाही त्याच टार्टरिक आम्लाचा. अशा काबिनेटमध्ये लिटरमागे ४०-५० ग्रॅम साखर शिल्लक असते, पण तिच्यासमोर सात-आठ ग्रॅम आम्ल दंड थोपटून उभे असते, म्हणून ती जिभेवर चिकटत नाही. बाजारातल्या कोलामध्ये शंभराहून अधिक ग्रॅम साखर असूनही ते कोणाला पाकासारखे वाटत नाही, त्याचे कारणही आम्लच. गोड म्हणजे हलके आणि कोरडे म्हणजे उच्च अशी जी एक समजूत वाइनच्या शहाण्यांत फैलावली आहे, ती मला त्या क्षणी पोरकट वाटली. आपल्या घरची सून आमटीत गूळ किती हे चिंचेकडे पाहून ठरवते. नुसता गुळाचा खडा मोजून तिच्या हाताची परीक्षा कोण करतो?

जर्मन वाइनविषयीची ही अवहेलना अगदीच निराधार मात्र नाही. वोर्म्स शहरातील लीबफ्राउएनकिर्शे या चर्चभोवतीच्या बागांवरून ज्या वाइनला लीबफ्राउमिल्श हे नाव पडले, ते नाव पुढे त्या बागांपुरते राहिले नाही. विसाव्या शतकात त्याखाली स्वस्त, गोडसर आणि आम्लावाचून लुळी पडलेली वाइन जहाजे भरभरून परदेशी गेली आणि जगाने तीच जर्मन वाइन असे धरून चालायला सुरुवात केली. त्यात १९८५ साली ऑस्ट्रियातल्या काही उत्पादकांनी गोडी आणि अंग वाढविण्यासाठी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन घातल्याचे उघडकीस आले, आणि त्याचे धागेदोरे जर्मनीतील काही बाटलीबंद करणाऱ्यांपर्यंत पोहोचले. गेलेली अब्रू भरून येण्यास पुढे पुष्कळ वर्षे लागली.

लेबल वाचणे हा एक स्वतंत्र जाबसाल आहे. बाटलीवर काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे असे शब्द येतात आणि परका माणूस समजतो की ही गोडीची शिडी असावी. तसे नाही. १९७१ च्या कायद्याने बसविलेल्या या पायऱ्या तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात साखर किती होती हे सांगतात. त्या साखरेचे पुढे काय झाले याचा त्यांत निवाडा नाही. रसाची साखर मोजण्याची रीत फोरत्सहाइमच्या फेर्डिनांड ओक्सले या सोनाराने रूढ केली. सोनाराच्या तराजूचाच विचार त्याने रसाला लावला; पाण्याच्या लिटरचे वजन १००० ग्रॅम, रसाचे १०८० ग्रॅम भरले तर तो रस ८० अंश ओक्सले. आपल्या नाशिकचे बागाईतदार खिशातल्या नळीतून 'ब्रिक्स' पाहतात तो याच कुळातला हिशेब. आता त्या रसातील सगळी साखर आंबवून संपविली तर श्पेटलेझे असूनही वाइन कोरडी होते आणि लेबलावर ट्रोकन हा शब्द येतो. मध्येच आंबवणे थांबविले तर गोडी उरते. जावयांनी मला याची एक सोपी खूण सांगितली. लेबलावरील अल्कोहोलचा आकडा पाहावा. आठ-साडेआठ टक्के असेल तर साखर शिल्लक आहे, बारा-तेरा असेल तर ती खर्ची पडली आहे. माझ्या हिशेबी डोक्याला ही खूण सगळ्या जर्मन शब्दांहून अधिक उपयोगी वाटली.

श्पेटलेझे म्हणजे उशिरा केलेली तोडणी. या उशिराची जी कथा ऱ्हाइनगाऊमध्ये सांगतात, ती ऐकताना मला आमच्या जुन्या तहसील कचेरीची फार आठवण झाली. श्लोस योहानिसबर्गच्या बागा फुल्डा येथील धर्मसत्ताधीशाच्या मालकीच्या होत्या, आणि त्याचा लेखी परवाना आल्यावाचून तोडणीला हात लावायचा नाही असा हुकूम होता. दरसाल घोडेस्वार जासूद द्राक्षांचा नमुना घेऊन फुल्ड्यास जाई आणि परवाना घेऊन येई. १७७५ साली हा जासूद वेळेवर परतला नाही. का, याची कारणे निरनिराळी सांगतात; मला त्यांत काही आश्चर्य वाटले नाही, कारण कागद का अडला याची कारणे आमच्याकडेही निरनिराळीच सांगत. दरम्यान आजूबाजूच्या बागा तोडून झाल्या आणि योहानिसबर्गची द्राक्षे वेलीवर सुरकुतली, त्यांवर करडी बुरशी चढली. परवाना आला तेव्हा मठातल्या लोकांनी जे होते तेच तोडले, आणि त्या कुजक्या मालाची वाइन इतकी अप्रतिम निघाली की उशीर हीच पुढे पद्धत झाली. ती बुरशी बोट्रायटिस. ती द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल, सुवास सारेच घट्ट होते. दफ्तरदिरंगाईपासून जगाला लाभ झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्या जासुदाचा घोड्यावरचा पुतळा आजही योहानिसबर्गच्या आवारात उभा आहे.

आइसवाइन तर त्याहून हट्टी. उणे सात अंश किंवा त्याखाली पारा उतरला की गोठलेली द्राक्षे पहाटेच्या अंधारात तोडायची आणि गोठलेलीच पिळायची, म्हणजे पाणी बर्फाच्या रूपाने मागे राहते. पण अलीकडे हिवाळेच नीट पडत नाहीत. २०१९ च्या हंगामात संपूर्ण जर्मनीत आइसवाइन साधली नाही.

लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक लांब क्रमांक असतो. त्याचा अर्थ कळला तेव्हा मी अंमळ थक्क झालो. दर्जेदार म्हणून विकायची प्रत्येक जर्मन वाइन सरकारी चाखणीतून जाते. तज्ज्ञांची समिती उत्पादकाचे नाव न पाहता तिचा वास, चव आणि मेळ तपासते, पाचांपैकी गुण देते, आणि किमान दीड गुण मिळाल्यावाचून हा क्रमांक बहाल होत नाही. चौतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला पाचांपैकी दीड हा उत्तीर्णांक फार ओळखीचा वाटला. यात कसलीही मखलाशी चालत नाही असे मी म्हणणार नाही. तथापि ज्या पदार्थाची किंमत जिभेवर ठरते त्याची परीक्षा सरकारने जिभेवरच घ्यावी, हे मला रास्त वाटते. वास्तविक मुलखाच्या नावाने वाइन ओळखण्याची दृष्टी आपल्या पूर्वजांनाही होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्याला त्याच्या देशावरून कापिशायन आणि हारहूरक अशी नावे दिलेली आहेत.

पुन्हा मोझेलकडे येतो, कारण ज्या शब्दाने हा लेख सुरू झाला पाहिजे होता तो अजून आलाच नाही. मोझेलच्या काबिनेटमध्ये चिंचगुळाच्या मागे आणखी एक वास होता आणि तो मला किती वेळ सापडत नव्हता. फळाचा नाही, फुलाचा नाही. मी डोळे मिटले, आणि एकदम पहिलीचा वर्ग समोर आला. सकाळची वेळ, साठ पोरे, प्रत्येकाच्या हातात पाटी, कोणी पाण्याच्या बोळ्याने पुसतो आहे, कोणी सरळ थुंकीने. आणि ओल्या काळ्या दगडाचा तो थंड वास वर्गभर पसरलेला. मी कागदावर लिहिले, "ओली पाटी."

भाचीने ते वाचले आणि मोबाइलवर मोझेलच्या उतारांचे छायाचित्र दाखविले. नदीच्या वळणावर भिंतीसारखे उभे चढाव, काही ठिकाणी पासष्ट अंशांपर्यंत, आणि त्यांवर मातीच्या नावाने नुसत्या निळ्या-काळ्या चपट्या कपऱ्या. शिफर म्हणजे स्लेट, म्हणजेच आपल्या पाटीचा दगड. "मामा, तिथले लोकबी हेच म्हणतात, ओल्या दगडाचा वास," ती म्हणाली. मला क्षणभर आपल्या नाकाचा अभिमान वाटला, परंतु जावई रसायनशास्त्राचे. त्यांनी तो टिकू दिला नाही. दगडातली खनिजे मुळांवाटे वर चढून पेल्यात वासाच्या रूपाने उतरतात याला शास्त्राचा आधार नाही. स्लेटचे काम निराळे आहे. पन्नासाव्या अक्षांशावर, जेथे द्राक्षवेलीने मुळात जगणेच कठीण, तेथे हा काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते वेलीला परत देतो. नदीचे पाणी उजेड परतवते. आणि उतार उभा असल्यामुळे तिरपे सूर्यकिरण थेट अंगावर येतात. खारपाणपट्ट्यात मात्र मातीचा क्षार पाण्यात प्रत्यक्ष विरघळतो, तो मोजता येतो, चाखता येतो, आणि डाळीवरून सिद्धही करता येतो. तेव्हा आजीचे शास्त्र पक्के आणि माझे पाटीचे कवित्व! हा निकाल मी मान्य केला, पण कागदावरचा शब्द खोडला नाही.

जुन्या रिस्लिंगच्या वासाबाबत मात्र जावयांनी मला पूर्ण गुण दिले. दहा-बारा वर्षे ठेवलेल्या एका बाटलीचा पेला नाकाशी नेताच मी म्हणालो, "यात रॉकेल पडले." रिस्लिंग मुरली की तिच्यात टीडीएन या संक्षिप्त नावाचे एक द्रव्य तयार होते आणि त्याचा वास खरोखरच रॉकेलचा असतो, जाणते लोक त्यासाठी अधिक पैसे मोजतात. रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला ही चैन समजावून सांगणे कठीण. तथापि दोन-तीन वेळा नाक नेल्यावर रॉकेलखालून मध, सुकलेली संत्र्याची साल आणि मोहाच्या वाळल्या फुलांचा जडसर गोड वास वर आला, तेव्हा मेळघाटातील मार्च महिन्यातील पायवाटा मला आठवल्या आणि मी तो पेला शेवटपर्यंत जवळ ठेवला.

आता माझ्या पेटीतून गेलेल्या बाटलीविषयी. जावयांची फर्माईश होती की नाशिकची रिस्लिंग आणावी. ती मी मुंबईत घेतली. आमच्या राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून पुस्तकात असल्याने मद्य विकत घेणाऱ्याला परवाना लागतो. दुकानदाराने एका दिवसाचा परवाना फाडून हाती दिला, आणि त्यावर स्वतःचे नाव वाचताना मला माझीच ओळख पटेना. बाटली दोन धोतरांत गुंडाळून नेली.

महाराष्ट्रात वाइनचा उद्योग नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फेसाळ वाइन काढून उभा केला. पुढे राजीव सामंत यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि २००१ साली राज्यशासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. आज सुलाच्या यादीत रिस्लिंगही आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा त्यावर मोठा गदारोळ झाला. दापुऱ्याच्या तालुक्यातला असल्यामुळे माझा कल विरोध करणाऱ्यांकडे होता, हे येथे नमूद करून ठेवतो.

जिभेचा प्रश्न निराळा. नाशिकची बाटली मोझेलशेजारी ठेवली तेव्हा तिचा वास पिकल्या पेरूचा, मोकळा आणि आनंदी होता. गोडी पुढे, आंबट मागे. हिला वाईट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. फरक हंगामाचा आहे. मोझेलचे द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते, म्हणजे दिवसागणिक थंडी वाढत असताना. रात्रीच्या गारव्यात त्याचे आम्ल टिकून राहते. विसाव्या अक्षांशावरील नाशिकला वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून तिला एकाच पिकावर आणावे लागते, आणि ते द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये, दिवसागणिक ऊन वाढत असताना पिकते. उष्णतेत मॅलिक आम्ल, म्हणजे आपली हरभऱ्याची आंब, वेलीवरच जळून जाते. एकाच संत्र्याच्या झाडाच्या दोन बहारांची चव ज्याने घेतली आहे त्या वऱ्हाडी माणसाला हे चटकन कळेल. आंबिया बहाराचे फळ हिवाळ्याच्या तोंडावर येते ते आंबूस, झणझणीत. मृगाचे फेब्रुवारी-मार्चात येते ते गोड, निवांत. आमच्याकडे कोणी आंबियाला खरे संत्रे आणि मृगाला खोटे म्हणत नाही. व्यापारी दोन्हींचे भाव निराळे करतो, एवढेच.

शेवटी जावयांच्या मनात आले की मामांची झाकून परीक्षा घ्यावी. भाचीने घरातले सगळे लोकरी मोजे काढून बाटल्यांवर चढविले. बोक्सबॉयटल मोज्यात मावेना, तेव्हा तिला लहान मुलाची टोपी घातली आणि त्यामुळे ती अर्थातच ओळखू आली; ते गुण मी प्रामाणिकपणे सोडून दिले. उरलेल्या सहांपैकी चार बरोबर सांगितल्या. गुलकंद आणि रॉकेल यांत चुकणे शक्यच नव्हते. परंतु ज्या पेल्याला मी मोठ्या विश्वासाने "ही मोझेल, ओली पाटी," म्हणालो, त्याच्या बाटलीवरचा मोजा उतरविल्यावर आतून नाशिक निघाले.

जावई हसू आवरण्याचा सभ्य प्रयत्न करीत होते. मी पेला पुन्हा हुंगला. पेरू होता, आणि पाटीही होतीच, निदान मला तरी होती. "असं होत नाही," मी म्हणालो, "क्रम बदलून परत लावा."

"मामा, काहून जिद्द करता जी," भाची म्हणाली, "पिकदाणी तं काठोकाठ भरली."

ती रिकामी करून आणायला मीच उठलो.